पळवून तोलणारा काटा



आमच्या व्याख्यानाचे नाव पत्रिकेत ‘पळवून तोलणारा काटा’ असे छापले गेले. आज संध्याकाळी येथे येत असता एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला वाटेत थांबवून विचारले की, हे व्याख्यान कापूस-बाजारातल्या काट्यांविषयी आहे काय. त्यांचा गैरसमज अगदी साहजिक होता. या मुलखात काटा म्हटला की माणूस सावध होतो. वर्षभर वावरात राबून घरी आणलेला कापूस अखेर काट्यावरच चढायचा असतो, आणि त्या काट्याने किती घरांचे हिशेब चुकवले ते आपणांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आजचा काटा मात्र निराळा. तो रेणू तोलतो, आणि तोही स्थिर ठेवून नव्हे, तर पळवून. शास्त्रज्ञ त्याला ‘टाइम ऑफ फ्लाइट मास स्पेक्ट्रोमीटर’ म्हणतात. आपण त्याला उड्डाणकालाचा काटा म्हणू. नाव लांबलचक असले तरी त्यामागची कल्पना शंकरपट पाहिलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळण्याजोगी आहे.

पण शंकरपटाकडे जाण्यापूर्वी, हा विषय येथेच का मांडावासा वाटला ते सांगितले पाहिजे. 2017 सालचा पावसाळा आपण विसरला नसाल. त्या वर्षी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. इकडे नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला रांगा लागत होत्या आणि तिकडे इस्पितळांतल्या खाटा भरत होत्या. त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या एका सालदाराला रात्री इस्पितळात नेले. आम्ही सोबत होतो. डोळ्यांची आग, समोरचे धूसर दिसणे, उलट्या, दरदरून घाम. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “औषध कोणतं मारत होतास?” तो म्हणाला, “निळ्या झाकणाचं.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “आणि त्यात मालकानं एक पांढरी पुडी टाकली होती.”

त्याच्यापाशी याहून अधिक काही उत्तर नव्हते. बाटली बांधावर राहिली होती, आणि दुसऱ्या दिवशी ती सापडली तेव्हा तिच्यावरचा कागद पावसाने गळून गेला होता. आपल्या भाषेची गंमत पहा, वा दुर्दैव म्हणा : किडीला मारायच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो. माणूस विषाला भितो, औषधाला भीत नाही. तो सालदार वाचला. पण त्याच्या अंगात नेमके काय शिरले होते, ते त्याला आजतागायत कळलेले नाही. कळावे असे एक यंत्र जगात होते, आपल्या महाराष्ट्रातही होते. त्या यंत्राची ही हकीकत आहे.

नाव कळून काय होणार होते, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. डॉक्टर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसत नाहीत. लक्षणे पाहून उपचार ताबडतोब सुरू करतात, आणि तेच योग्य. परंतु मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, असिफेट ही फॉस्फरसयुक्त विषे एका जातीची. ती मज्जातंतूंतला निरोप थांबवणाऱ्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, निकामी करतात, आणि त्यांच्यावर ॲट्रोपीनचा उतारा चालतो. डायफेन्थियुरॉन नावाचे विष त्या जातीचे नव्हे. त्याच्यावर तसा ठरलेला उताराच नाही. त्या नोव्हेंबरात राज्य सरकारने विदर्भाच्या काही जिल्ह्यांत ज्या पाच कीटकनाशकांची विक्री काही काळ थांबवली, त्यांत ही दोन्ही जातींची विषे होती. शेतात ती एकाच पंपात मिसळली जात होती. तेव्हा कोणाच्या अंगात कोणते, हे कळणे पुढच्या रोग्यांसाठी मोलाचे होते. आणि दगावलेल्याच्या घरच्यांसाठी तर त्याहून मोलाचे, कारण ज्या विषाचे नाव नाही त्याचा जाबही कोणाला विचारता येत नाही. मग दोष फिरून त्या मजुरावरच येतो : तोंडाला फडके का बांधले नाही, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने का फवारले, बिनबाह्यांची बंडी का घातली.

आता रेणूचे नाव कसे ओळखायचे? रेणूला तोंड नाही, रंग बहुधा नाही, आणि रक्तात तो असतो इतका थोडा की, त्याची जुन्या पद्धतीची रासायनिक परीक्षा करायला पुरेसा मालच हाती लागत नाही. पण प्रत्येक रेणूला वजन असते. शास्त्राच्या काटेकोर भाषेत त्याला वस्तुमान म्हणावे. आपण बोलण्याच्या ओघात वजनच म्हणू. कार्बनच्या एका अणूचे वजन बरोबर 12 धरतात आणि त्या मापाने बाकीच्यांचे मोजतात. हायड्रोजन सुमारे 1, नायट्रोजन 14, ऑक्सिजन 16. मोनोक्रोटोफॉसच्या रेणूत कोणते अणू किती आहेत ते ठाऊक आहे; बेरीज केली की 223 येते.

पण नुसत्या 223 ने काम भागत नाही. 223 वजनाचे निरुपद्रवी रेणूही रक्तात असू शकतात. येथे एक सोपे उदाहरण घेऊ. 28 वजनाचे तीन वायू आपल्या ओळखीचे आहेत. पहिला नायट्रोजन, आपण श्वासात घेतो त्या हवेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग तोच. दुसरा कार्बन मोनॉक्साइड; बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली माणसे ज्याने सकाळी उठत नाहीत तो. तिसरा एथिलीन; आढीतल्या आंब्यापासून निघतो आणि शेजारच्या आंब्याला पिकवतो. एक जगवणारा, एक मारणारा, एक पिकवणारा, आणि काट्यावर तिघेही 28! मात्र काटा नीट असला तर दशांशात फरक दिसतो. कार्बन मोनॉक्साइड 27.9949, नायट्रोजन 28.0061, एथिलीन 28.0313. अणूंची वजने पूर्णांकांत नसतात, त्यांना थोडे कमी-अधिक शेपूट असते. आणि त्या शेपटांची बेरीज प्रत्येक रेणूची वेगळी येते. मोनोक्रोटोफॉसचे 223.061 असे येते. तेव्हा काटा हवा तो असा, की जो तिसऱ्या दशांशापर्यंत खरे बोलेल. सराफाच्या काट्यालाही एवढी शिस्त क्वचितच असते.

आता शंकरपट. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या होत्या, 2021 च्या डिसेंबरात आपल्याकडे पुन्हा परवानगी मिळाली, आणि पट परत भरू लागले. पटात अंतर ठरलेले असते, घड्याळ लावलेले असते, आणि जोडी किती सेकंदांत आली यावर निकाल ठरतो. तेथे बैलांचे बळ वेगवेगळे असते आणि छकडे साधारण सारखे. आपण उलट कल्पना करू. समजा, सगळ्या जोड्या बळाने तंतोतंत सारख्या आहेत, पण प्रत्येक छकड्यात निराळे ओझे भरले आहे आणि ते ताडपत्रीने झाकले आहे. एकाच क्षणी सगळ्यांना सोडले. ज्याचे ओझे हलके तो आधी पोचेल, जड तो मागून. आपण शेवटच्या दोरीपाशी घड्याळ घेऊन उभे राहिलो, तर ताडपत्री न उचलता प्रत्येकाचे ओझे सांगू शकू. एवढीच कल्पना आहे. बाकी सारी कारागिरी.

रेणूला बैल जुंपायचा म्हणजे त्याला विद्युतभार द्यायचा. भार मिळालेल्या रेणूला आयन म्हणतात. असे आयन एका धातूच्या पट्टीपुढे आणायचे आणि तिला क्षणार्धात मोठा विद्युत्दाब द्यायचा. घरच्या विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. येथे आपण 20,000 व्होल्ट धरू. या धक्क्याने प्रत्येक आयनाला सारखीच ऊर्जा मिळते, मग तो हलका असो वा जड. पुढे एक मीटर लांबीची मोकळी नळी, आणि नळीच्या टोकाला घड्याळ.

ऊर्जा सारखी असता वजन चौपट झाले की वेग निम्मा होतो, हे शाळेतले गणित आहे. त्या हिशेबाने 100 वजनाचा आयन ही एक मीटरची धाव 5.09 मायक्रोसेकंदांत संपवतो, आणि 400 वजनाचा 10.18 मध्ये. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. 400 वजनाच्या त्या आयनाचा वेग सेकंदाला सुमारे 98 किलोमीटर होतो. या हिशेबाने तो येथून निघून दीड-पावणेदोन सेकंदांत नागपूर गाठील. त्याच्या शेजारी 401 वजनाचा आयन धावला, तर तो किती मागे राहील? सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाला नॅनोसेकंद म्हणतात; असे 13 नॅनोसेकंद. पापणी लवायला याच्या लाखो पट वेळ लागतो. आणि आपल्याला तर एका एककाचा नव्हे, त्याच्या हजाराव्या भागाचा फरक हवा आहे.

म्हणून ही कल्पना साधी असूनही ती सुचायला आणि साधायला उशीर लागला. इंग्लंडात थॉमसन आणि ॲस्टन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतच आयनांना चुंबकाने व विजेने वाकवून तोलण्याची विद्या उभी केली होती. ॲस्टनचा वर्णपटलेखक 1919 सालचा. पण आयनांना सरळ पळवून घड्याळाने मोजावे, ही सूचना अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विल्यम स्टीफन्स यांनी मांडली ती 1946 साली. मधल्या काळात दुसरे महायुद्ध होऊन गेले होते, आणि त्या युद्धात रडारसाठी अतिशय जलद विद्युत् उपकरणे तयार झाली होती. विमान किती दूर आहे हे लहर परत यायला लागलेल्या वेळावरून सांगणारी ती विद्या. तिनेच मायक्रोसेकंद मोजण्याची सवय लावली. युद्धाने जगाचे जे केले ते केले, पण हे एक घड्याळ मागे ठेवले.

नळीतली हवा काढून टाकावी लागते, हे वेगळे सांगायला नकोच. आपण बसलो आहोत या हवेत एखादा रेणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाही पुढे सरकत नाही तोच दुसऱ्याला धडकतो. यात्रेच्या गर्दीत पट भरवता येत नाही. तेव्हा पंप लावून नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या अब्जाव्या हिश्श्यावर वा त्याहूनही खाली आणतात. टोकाला जे घड्याळ म्हटले ते म्हणजे काचेची एक चकती असते, तिला लाखो बारीक छिद्रे. आयन येऊन छिद्राच्या भिंतीवर आपटला की दोन-तीन इलेक्ट्रॉन सुटतात, ते पुढे आपटून आणखी सोडतात, आणि अशा दोन चकत्या एकामागे एक ठेवल्या म्हणजे एका आयनाच्या ठोक्याचे दहा लाखांच्या घरात इलेक्ट्रॉन होतात. तेवढे झाले की तारेतून खूण मिळते : आला.

खरी अडचण शर्यतीच्या आरंभी आहे. पटात जोड्या एका रेषेवर उभ्या करायला किती वेळ जातो, किती धुरकरी कुरबुर करतात, हे आपण पाहिले आहे. आयनांना रेषेवर उभे करणे त्याहून कठीण. एखादा दोन केस पुढे असतो, एखादा मागे; एखादा आधीच पुढच्या दिशेने सरकत असतो, एखादा उलट्या दिशेने. सारख्याच वजनाचे आयन मग वेगवेगळ्या वेळी पोचतात, आणि काटा तिसरा दशांश तर सोडाच, पूर्णांकसुद्धा धड सांगत नाही. 1955 साली अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीत वायली आणि मॅकलॅरन या दोघांनी धक्का एकदम न देता दोन टप्प्यांत आणि किंचित थांबून द्यायची युक्ती काढली. मागे उभ्या असलेल्याला त्यामुळे थोडा अधिक जोर मिळतो, आणि शेवटच्या दोरीपाशी तो पुढच्याला नेमका गाठतो.

दुसरी युक्ती आम्हाला त्याहून देखणी वाटते. ती लेनिनग्राडच्या बोरिस मामिरिन यांची, 1973 सालची. त्यांनी नळीच्या टोकाला विजेची एक चढण उभारली. आयन धावत येतो, चढणीवर चढतो, दमतो, आणि उतरून माघारी येतो. आता सारख्याच वजनाच्या दोन आयनांपैकी जो थोडा अधिक जोराने आला, तो चढणीवर अधिक वर जातो. वर अधिक गेला म्हणून त्याला परतायला उशीर लागतो. जो मंद होता तो थोडाच चढून लवकर वळतो. मोकळ्या वाटेवर जोरकसाने कमावलेला वेळ चढणीवर खर्च होतो, आणि दोघे बरोबर एकाच क्षणी परत येतात. मंदाला वेगवान करण्याच्या खटपटीत न पडता वेगवानाचीच वाट तेवढी लांबवली. या चढणीला आयनांचा आरसा म्हणतात. हल्लीच्या उत्तम काट्यांत तो असतोच.

एवढे करूनही काटा हट्टी आहे. खोलीचे तापमान एका अंशाने वाढले की पोलादी नळी मीटरमागे सुमारे बारा हजारांश मिलिमीटरने लांबते. तेवढ्याने 373 वजनाच्या आयनाच्या वजनात जवळजवळ 0.009 ची चूक येते. आपल्याकडे वैशाखात पारा कोठे जातो ते लक्षात घ्या! म्हणून यंत्राची खोली थंड राखतात, आणि शिवाय ज्याचे वजन नक्की ठाऊक आहे असा एक आयन दर खेपेला सोबत पळवतात. वजनाचा काटा तपासायला निरीक्षक शिक्क्याचे माप घेऊन येतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे निरीक्षक सतत हजर असतो.

एक प्रश्न मघापासून लोंबकळत राहिला आहे. रक्तातला वा रसातला रेणू न मोडता हवेत उडवायचा आणि त्याला भार द्यायचा, हे कसे? लहान रेणूंसाठी एक चांगली पद्धत म्हणजे बारीक सुईतून द्रव सोडायचा आणि सुईला काही हजार व्होल्टचा दाब द्यायचा. द्रवाचे तुषार उडतात, तुषार वाळत जातात, आणि शेवटी भार घेतलेला उघडा रेणू उरतो. अमेरिकेच्या जॉन फेन यांनी ही पद्धत पूर्णत्वाला नेली. मोठ्या रेणूंसाठी जपानचे कोइची तानाका यांनी निराळा मार्ग दाखवला, आणि त्याची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तानाका क्योटोच्या शिमाद्झू कंपनीत नोकरीला होते. शिक्षण विद्युत् अभियांत्रिकीचे, डॉक्टरेट नाही. 1985 साली कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत ॲसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन पडले. भुकटी महाग. टाकून देणे जिवावर आले, म्हणून त्यांनी तशीच लेसरखाली धरली. आणि आजवर जे अखंड उडवता येत नव्हते असे मोठाले रेणू उडू लागले. पुढे तीस हजारांहून अधिक वजनाची प्रथिनेसुद्धा त्यांनी उड्डाणकालाच्या काट्यावर तोलून दाखवली. 2002 साली तानाका आणि फेन यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आमच्या घरातल्या बायका सांडलेल्या तेलाचे काय करतात ते पाहताना आम्हाला नेहमी तानाकांची आठवण होते. त्या दिशेची पुढची मजल म्हणजे आज जंतूंची ओळख याच काट्यावर काही मिनिटांत होते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात हे काम चालते. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

आपण विषाकडे परत येऊ. रेणू तोलणारे दुसरेही काटे आहेत. त्यांतला सर्वांत प्रचलित चार दांड्यांचा असतो. तो एका वेळी एकाच वजनाच्या आयनाला वाट देतो आणि बाकीच्यांना बाजूला फेकतो. कोणते विष शोधायचे हे आधी ठाऊक असेल, तर तोच अधिक सोयीचा, आणि बारीक मात्रेलाही तो चुकत नाही. त्याच्या हाती यादी असते. यादीतले नाव पुकारले की तो हजर की गैरहजर एवढे सांगतो. पण यादीत नसलेला कोणी आला असेल, तर तो दारातून परत जातो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. उड्डाणकालाच्या काट्याचा स्वभाव उलटा. येथे कोणाला निवडायचे नसते. सगळे एकदम सुटतात, सगळे पोचतात, आणि प्रत्येकाच्या पोचण्याची नोंद होते. सेकंदाला अशा हजारो शर्यती होतात. ज्या रोग्याला आपण काय फवारले हे ठाऊक नाही, त्याच्या रक्ताला हाच काटा लावला पाहिजे. शिवाय नोंद कायम राहते. सहा महिन्यांनी एखाद्या नव्या विषाचा संशय आला, तर जुनीच नोंद उघडून ते त्या दिवशी होते की नाही हे पाहता येते.

निळ्या झाकणाच्या बाटलीत प्रोफेनोफॉस होते असे क्षणभर समजू. त्याच्या रेणूत एक ब्रोमीनचा अणू आहे आणि एक क्लोरीनचा. निसर्गात ब्रोमीन दोन वजनांचा मिळतो, 79 आणि 81, जवळजवळ निम्मा-निम्मा. क्लोरीन 35 आणि 37, तीनास एक या प्रमाणात. त्यामुळे प्रोफेनोफॉस शर्यतीच्या शेवटी एकटा येत नाही. त्याचे तीन भाऊ दोन-दोन एककांच्या अंतराने येतात, आणि त्यांची संख्या सुमारे तीन, चार, एक या प्रमाणात असते. एवढी ठळक खूण असलेले रेणू शरीरात स्वतःहून तयार होत नाहीत. कपाळावर गोंदण असलेला माणूस गर्दीत ओळखावा तसा तो ओळखू येतो. मोनोक्रोटोफॉसला असे गोंदण नाही. म्हणून त्याच्या आयनाला वाटेत वायूवर आपटून फोडतात. त्याचा भार घेतलेला आयन 224 चा असतो, त्यातून 127 चा फॉस्फरसयुक्त तुकडा निघतो. मूळ वजन आणि तुकड्याचे वजन, दोन्ही दशांशासह जुळली की साक्ष पक्की होते. वजन तेच पण बांधणी निराळी, असे जुळे रेणू असतात. त्यांच्यापुढे नुसता काटा फसतो हे कबूल केले पाहिजे. म्हणूनच काट्याच्या आधी रक्तातली द्रव्ये एका लांब नळीतून एकामागून एक सोडून विलग करतात.

आता महाराष्ट्रातले उदाहरण. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, 1997 साली स्थापन झालेले. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांवर कीटकनाशकांचे अंश किती आहेत, याची देखरेख तेथून होते. तेथील संशोधकांनी 2010 साली उड्डाणकालाच्या काट्यावर, द्राक्ष आणि वाइन यांतील 160 कीटकनाशके आणि 25 चिवट प्रदूषके एकाच तपासणीत शोधण्याची रीत बसवून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षे युरोपात अडवली गेली होती, आणि नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांचे हाल झाले होते. युरोपात ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागू होते. आपल्या हिशेबात सांगायचे तर हजार क्विंटल कापसात एक ग्रॅम. एवढे बारीक आपण मोजतो, उत्तम मोजतो, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

पण तो अभिमान बाळगताना एक कुसळ डोळ्यांत खुपते. लंडनच्या बाजारात जाणाऱ्या द्राक्षाच्या मण्याला त्याच्या अंगावर काय काय आहे हे विचारणारी व्यवस्था आपण उभी केली, कारण विचारणारा गिऱ्हाईक होता. पऱ्हाटीत उभ्या राहिलेल्या मजुराच्या रक्ताला तोच प्रश्न विचारायला गिऱ्हाईक नव्हता. यंत्राचा दोष नाही. त्याला द्राक्ष आणि रक्त यांत फरक कळत नाही. दोन्हींचा अर्क त्याच्या लेखी सारखाच.

हे मात्र खरे, की रक्ताच्या बाबतीत घड्याळ शर्यतीच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. द्राक्षावरचा अंश दिवसेंदिवस टिकतो. रक्तात फॉस्फरसयुक्त विषे मोडणारी विकरे असतात, आणि रक्त नळीत काढून ठेवले तरी त्यांचे काम थांबत नाही. दोन दिवसांनी पाठवलेल्या नळीत कदाचित काहीच सापडणार नाही, आणि मग अहवालात ‘आढळले नाही’ असे येईल; त्याचा अर्थ ‘नव्हते’ असा लावला जाईल. ती विकरे थोपवण्यासाठी नळीत सोडियम फ्लोराइड घालतात आणि नळी बर्फात ठेवतात. रक्तातील साखर तपासताना वापरतात ती फ्लोराइडची नळी बहुतेक इस्पितळांत असते. तेव्हा ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. लघवीचा नमुनाही त्याच वेळी ठेवावा. प्रोफेनोफॉस शरीरात मोडले तरी त्याचा जो तुकडा लघवीतून बाहेर पडतो, त्यात ब्रोमीन आणि क्लोरीन दोन्ही शिल्लक असतात. म्हणजे विष मेले तरी गोंदण राहते, आणि काट्याला तेवढे पुरते.

त्या रात्री आमच्या सालदाराचे रक्त काढले होते. ते नेहमीच्या तपासण्यांना गेले. विषासाठी एक नळी वेगळी ठेवा, असे सांगायचे कोणालाच सुचले नाही. आम्हालाही नाही, आणि आम्ही तर रसायनशास्त्र शिकवतो. डॉक्टर त्या वेळी एकाच वेळी कितीतरी खाटांमधून धावत होते. त्यांना बोल लावण्याचा अधिकार आम्हाला वाटत नाही.

गेल्या हंगामात तो आम्हाला बाजारात भेटला. दृष्टी बरीच सुधारली आहे, पण उन्हात अजून डोळे मिचकावतो. फवारणी सोडलीस का, असे विचारले, तर हसला. सालदाराने फवारणी सोडायची म्हणजे साल सोडायचे. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून दाखवली. तीत बाटलीवरून सोलून काढलेले दोन कागद होते, घडी घालून ठेवलेले. त्या दिवशी पंपात टाकलेल्या दोन्ही औषधांचे. त्याला वाचता येत नाही. “डॉक्टरले दाखवाले,” तो म्हणाला.